‘जेवलोय’ म्हणता येतं ना, मग प्रेझेंट परफेक्ट पण येतं

परवा एका पोराच्या वहीत वाक्य सापडलं, ‘आय ॲम ईटन टू चपातीज’. सहावीतला मुलगा. म्हटलं हे काय रे, तर म्हणतो कसा, ‘मी दोन चपात्या खाल्ल्या आहेत, आणि आहे म्हणजे ॲम, तुम्हीच सांगितलंत ना.’ आता ह्याला ओरडायचं कसं, मीच सांगितलं होतं, ‘मी मुलगा आहे, आय ॲम अ बॉय’. त्याने तोच ‘आहे’ उचलून इथे लावला. फक्त इंग्रजीत ‘आय ॲम ईटन’ म्हटलं की त्यालाच कोणीतरी खाल्लं असा अर्थ होतो, हे सांगितल्यावर पाच मिनिटं वर्ग बंद, सगळे हसतायत, वाघाने खाल्ला, मगरीने खाल्ला.

माझ्याकडे संध्याकाळी पाच-सहा पोरं येतात, काही मराठी मीडियमची, काही सेमीची. 2000 सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहावीत येईपर्यंत ह्यांनी पाच वर्षं इंग्रजी पाहिलेलं असतं, शब्द भरपूर येतात, कविता येतात, पण प्रेझेंट परफेक्ट आलं की गाडी अडते. शाळेत सूत्र दिलेलं असतं, सब्जेक्ट अधिक हॅव किंवा हॅज अधिक क्रियापदाचं थर्ड फॉर्म. सूत्र पाठ असतं, रिकाम्या जागा पटापट भरतात, मार्क पण मिळतात, आणि बोलताना ते वाक्य एकदाही तोंडातून निघत नाही. कारण सूत्र सांगतं वाक्य कसं बनवायचं. ते कधी काढायचं हे सूत्रात कुठेच नाही.

म्हणून मी सुरुवात मराठीतून करते. लोकांना वाटतं इंग्रजी शिकवताना मराठी आणलं की बिघडतं, मला तसं वाटत नाही, निदान ह्या काळाच्या बाबतीत तरी अजिबात नाही, कारण हा काळ पोरांच्या तोंडात दिवसातून शंभरदा असतो. वर्गात येणारी पहिली तक्रार बघा ना, ‘ताई, ह्याने माझा खोडरबर घेतलाय.’ घेतला नाही, घेतलाय. दोन्हीत फरक काय, असं विचारलं की पोरं आधी गोंधळतात, मग कोणीतरी बरोबर सांगतं. ‘घेतला’ म्हटलं तर घेतला असेल आणि परत दिलाही असेल, ती झालेली गोष्ट. ‘घेतलाय’ म्हणजे अजून त्याच्याकडेच आहे, काहीतरी करा! तो शेवटचा ‘य’ म्हणजे ‘आहे’, घाईत बोलताना चेपलेला. घेतला आहे, घेतलाय. जेवलो आहे, जेवलोय. बस गेली आहे, गेलीये. व्याकरणात ह्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि मुलांना ‘पूर्ण’ हा शब्द लक्षात राहतो, ‘वर्तमान’ राहत नाही, खरं तर सगळी गंमत त्या ‘वर्तमान’मध्ये आहे. काम मागे झालं, पण वाक्य आत्ताबद्दल आहे. आम्ही त्या ‘य’ला शेपटी म्हणतो. मराठीत शेपटी, इंग्रजीत हॅव किंवा हॅज.

मग ‘आहे’ला ॲम सोडून हॅव का, हा प्रश्न येतोच आणि तो टाळू नये. मराठीत ‘माझ्याकडे पेन आहे’ म्हणतो, इंग्रजीत ‘आय हॅव अ पेन’. म्हणजे जवळ असणं दाखवायला आपल्याकडे वेगळं क्रियापदच नाही, आपण ‘आहे’वरच भागवतो, इंग्रजीत त्याला हॅव आहे. जुन्या इंग्रजीत ही रचना अशी सुरू झाली की ‘माझ्याकडे मासा आहे, पकडलेला’. हळूहळू मासा मागे सरकला, ‘आहे’ आणि ‘पकडलेला’ चिकटले, आणि ‘मी मासा पकडलाय’ असा अर्थ झाला. आपण ‘माझं लिहून झालंय’, ‘माझा अभ्यास झालाय’ म्हणतो त्यातही ‘माझं’ आहेच की, तोच वास. आणि त्या पोराला बरं वाटावं म्हणून हेही सांगितलं की जाणं-येणं असल्या क्रियापदांना इंग्रजीतही पूर्वी ‘ॲम, इज’च लावायचे, फ्रेंच आणि जर्मनमध्ये अजून लावतात, आणि ‘ही इज गॉन’ आजही ऐकू येतं. खाण्याला मात्र तेव्हाही हॅवच होतं, त्यामुळे चपात्यांचं वाक्य चुकलंच.

एकदा शेपटी कळली की पुढची पायरी म्हणजे ‘मग आत्ता काय?’ हा प्रश्न. माझ्या मते सूत्रापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ मग आत्ता काय? आत्ता मी दाराबाहेर उभी आहे. ‘शी हॅज ब्रोकन हर आर्म.’ मग आत्ता काय? हात प्लास्टरमध्ये आहे, खेळायला येणार नाही. ‘वी हॅव फिनिश्ड अवर होमवर्क.’ मग आत्ता काय? आता आम्हाला सोडा. ह्या तिसऱ्याला उत्तर द्यायला कोणालाच वेळ लागत नाही. आणि जिथे ‘मग आत्ता काय’ला उत्तर ‘काही नाही, सांगत होतो फक्त’ असं येतं तिथे साधा भूतकाळ. ‘आय लॉस्ट माय की लास्ट दिवाळी.’ मग आत्ता काय? काही नाही, नंतर दुसरी करून घेतली.

लहान मुलांना हे अंगाने कळतं. फरशीवर खडूने लांब रेघ मारायची, एका टोकाला ‘काल’, दुसऱ्या टोकाला ‘आत्ता’. साध्या भूतकाळाचं वाक्य बोलायचं असेल तर चालत ‘काल’वर जाऊन उभं राहायचं आणि तिथून बोलायचं. प्रेझेंट परफेक्टचं असेल तर ‘आत्ता’वरून हलायचं नाही, नुसती मान मागे वळवून बघायचं. हान्स रायशेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 मध्ये काळांची मांडणी जवळपास अशीच केली होती, बोलण्याची वेळ एक, घटनेची वेळ दुसरी, आणि आपण जिथून बघतोय ती तिसरी. साध्या भूतकाळात बघणारा घटनेपाशी जाऊन उभा असतो, प्रेझेंट परफेक्टमध्ये घटना मागेच पण बघणारा आत्तामध्ये. पोरांना रायशेनबाख सांगायची गरज नाही, खडू पुरतो.

आता खरी अडचण. इथपर्यंत मराठी हात धरून नेतं आणि इथे बरोब्बर खड्ड्यात सोडतं. मराठीत आपण सर्रास म्हणतो, ‘मी कालच आलोय.’ काल पण आहे, शेपटी पण आहे, आणि कोणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. काल म्हटलं की तुम्ही रेघेच्या त्या टोकाला गेलात, मग हॅव कशाला? यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019, असं संपलेल्या वेळेचं काहीही आलं की हॅव निघून जातो. आम्ही वर्गात म्हणतो, काल आला की शेपटी तुटली, पालीसारखी.

आणि ह्याचाच मोठा भाऊ म्हणजे ‘कधी’. ‘तू कधी आलायस?’ हे चांगलं मराठी आहे, त्याचं इंग्रजी करून आपली मोठी माणसं, ऑफिसात काम करणारी, छान इंग्रजी बोलणारी, ‘व्हेन हॅव यू कम?’ म्हणतात. व्हेन विचारणं म्हणजे घड्याळाचा काटा मागे फिरवायला सांगणं, तिथे डिड लागतो, ‘व्हेन डिड यू कम?’ नवरा घरी आला की मी स्वतः कितीदा ही चूक केलीये. म्हणजे पोरांना समजावताना नाक वर करायचं काही कारण नाही.

टुडे, धिस वीक, धिस मॉर्निंग ह्यांच्यात मात्र डोकं लावावं लागतं. ही वेळ अजून चालू आहे का, एवढंच बघायचं. सकाळी दहाला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, कारण अजून सकाळच आहे, तिसरा होऊ शकतो. तेच संध्याकाळी सांगायचं तर ‘आय हॅड’. सकाळ बंद झाली, हिशोब बंद झाला.

हाच मुद्दा क्रिकेटवरून इतका पटकन पोचतो की मी आता दुसरं उदाहरणच घेत नाही. सचिनने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शंभर शतकं केली, शंभरावं 2012 मध्ये मीरपूरला, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर तो थांबला. आता तो आकडा हलणार नाही. म्हणून ‘सचिन स्कोअर्ड अ हंड्रेड सेंच्युरीज’. आपल्या सांगलीची स्मृती मंधाना अजून खेळतेय, उद्याच्या मॅचला आकडा बदलू शकतो, म्हणून तिच्यासाठी ‘स्मृती हॅज स्कोअर्ड’. आकडा वाढू शकतो का, हो, मग हॅज. हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला की सचिन 2013 च्या आधी हॅज होता आणि मग हॅज गेला. अगदी बरोबर. निवृत्ती म्हणजे व्याकरणात पण निवृत्ती.

इतिहासाच्या निबंधात हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. मालवणला सहलीला गेलेलं पोरगं किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणतं, ‘सिंधुदुर्ग महाराजांनी बांधलाय.’ मराठीत किती सहज, कारण किल्ला समोर दिसतोय. तेच इंग्रजीत ‘शिवाजी महाराज हॅज बिल्ट सिंधुदुर्ग’ होतं आणि चुकतं. बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं, बांधणारा काळ संपला, तिथे बिल्ट. पण किल्ला? तो अजून समुद्रात उभा आहे, त्यामुळे किल्ल्याबद्दल बोलताना ‘इट हॅज स्टुड इन द सी फॉर मोअर दॅन 350 इयर्स’. एकाच जागी उभं राहून दोन वाक्यं, एक बांधणाऱ्याचं आणि एक दगडांचं. निबंधात ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून घ्या, दहा एक्सरसाइजचं काम होतं.

ह्या किल्ल्याच्या वाक्यात एक नवीन पाहुणा आला, फॉर. आणि इथे मराठी पुन्हा वेगळं वागतं. आपण म्हणतो ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’, साधा वर्तमानकाळ. म्हणून पोरं लिहितात, ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’. एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही सरळ मराठीतून आलेल्या. पहिली अशी की मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत हॅव लागतो, ‘आय हॅव लिव्ड’. दुसरी ‘पासून’ची. आपला ‘पासून’ बिचारा सगळीकडे कामाला येतो, सोमवारपासून, लहानपणापासून, तीन दिवसांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा टोकाचा बिंदू सांगायचा असेल तर सिन्स, आणि किती वेळ ते मोजून सांगायचं असेल तर फॉर. ह्याला एक देशी उपाय आहे. ‘पासून’ काढून ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघायचं. ‘गेली पाच वर्षं मी पुण्यात राहतो’, चाललं, म्हणजे फॉर. ‘गेला सोमवार मला ताप आहे’, नाही चालत, काहीतरीच वाटतं, म्हणजे सिन्स. मुलांचा कान मराठीत पक्का असतो, त्या कानाचा असा वापर करून घ्यायचा.

तापावरून आठवलं, ‘आय हॅव हॅड फीवर सिन्स मंडे’ हे वाक्य पोरांना छपाईची चूक वाटते. हॅव आणि हॅड शेजारी कसे? पहिला हॅव म्हणजे शेपटी, दुसरा हॅड म्हणजे ‘असणे’चं थर्ड फॉर्म. शेपटीला स्वतःचा अर्थ नसतो, तिला कामाला लावलेलं असतं. दोन-तीनदा फळ्यावर वेगळ्या रंगात लिहिलं की बसतं.

थर्ड फॉर्मचं म्हणाल तर ते पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. गोची अशी की रोज लागणारीच क्रियापदं वाकडी आहेत, गो, कम, ईट, सी, टेक, गिव्ह, डू, मेक. नियमाने इडी लावून सुटणारी क्रियापदं भरपूर आहेत पण सहा वर्षांच्या मुलाला ती कमी लागतात. पुस्तकामागचा एबीसीडीच्या क्रमाने लावलेला तक्ता मला आवडत नाही, चालीने लावावीत. सिंग सँग संग, रिंग रँग रंग, ड्रिंक ड्रँक ड्रंक, स्विम स्वॅम स्वम, एक टोळी. नो न्यू नोन, ग्रो ग्रू ग्रोन, थ्रो थ्रू थ्रोन, दुसरी टोळी. कट कट कट, पुट पुट पुट, ही आळशी टोळी, सगळ्यांची लाडकी. पाढ्यांसारखं झोक्यावर म्हणायचं. ‘आय हॅव वेंट’ आणि ‘आय हॅव एट’ ह्या चुका तरीही वर्षभर होत राहतात, होऊ द्याव्यात, मधल्या रूपाची सवय आधी लागलेली असते म्हणून जीभ तिकडे वळते.

हॅव की हॅज ह्यात पण मराठीचा एक छुपा हात असावा असं मला वाटतं. ‘त्याने आंबे खाल्ले आहेत’ ह्यात ‘आहेत’ कोणामुळे? आंब्यांमुळे. ‘तिने भाकरी खाल्ली आहे’ ह्यात भाकरीमुळे. मराठीत इथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. मग ‘आहेत’ दिसलं की पोरगं ‘ही हॅव ईटन मँगोज’ लिहितं. ज्याच्यावर हे तपासायचं असेल त्याला मुद्दाम एकदा एक आंबा आणि एकदा चार आंबे देऊन बघा, म्हणजे वाक्यात द्या. इंग्रजी खाणाऱ्यालाच विचारतं, आंबे किती का असेनात.

गंमत म्हणजे एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा साफ आहे. बीन आणि गॉन. ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ म्हणजे तो नाशिकला गेलाय, घरी भेटणार नाही. ‘ही हॅज बीन टू नाशिक’ म्हणजे जाऊन आलाय. इंग्रजीत ह्या बीनमध्ये ‘जाणे’ कुठे दिसतच नाही आणि पोरं अडकतात, पण ‘जाऊन आलाय’ म्हटलं की संपलं. ‘हॅव यू एव्हर’वाले प्रश्न ह्याच धाग्यात घ्यावेत, कधी हत्तीवर बसलायस, कधी बर्फ पाहिलायस, कधी बोटीने गेलायस. इथे ‘कधी’ आहे पण तो व्हेनचा ‘कधी’ नाही, आयुष्यात एकदा तरी असा ‘कधी’ आहे. मोठ्याने म्हणून बघा, सूर पण वेगळा लागतो. मुलं ह्यात थापा मारतात, मारू द्या, ‘आय हॅव सीन अ घोस्ट’ हे व्याकरणात पूर्ण बरोबर आहे.

उलटी फसवणूक पण होते, म्हणजे मराठीत शेपटी नसताना इंग्रजीत हॅव. ‘जेवलास का?’ हे आपण साध्या भूतकाळात विचारतो, अर्थ मात्र आत्ताचा असतो, भूक आहे का, ताट वाढू का. पुस्तकातलं इंग्रजी इथे ‘हॅव यू ईटन?’ म्हणतं. आणि ‘आलो, आलो’ तर कहर आहे, माणूस अजून बाथरूममध्ये असतो आणि भूतकाळात बोलतो. त्याला इंग्रजीत ‘आय हॅव कम’ म्हणून पाठवू नका, ते ‘आय ॲम कमिंग’.

आणि कार्टून बघून मुलं ‘डिड यू ईट यट?’, ‘आय जस्ट एट’ म्हणायला लागली तर ते चूक म्हणून खोडू नका. अमेरिकन बोलण्यात असं चालतं. आपली पुस्तकं ब्रिटिश वळणाची, तिथे जस्ट, ऑलरेडी, यट आले की हॅव हवा. पेपरात पुस्तकाप्रमाणे लिही, एवढं सांगितलं की पुरे. कार्टूनमुळे आणखी एक होतं, बोलताना हॅव इतका बारीक होतो, ‘आय्व डन इट’, ‘ही’ज गॉन’, की मुलाला तो ऐकूच येत नाही. तेव्हा आधी पूर्ण हॅव, हॅज म्हणायला लावायचं, चेपाचेपी नंतर. आपल्या ‘घेतला आहे’चं ‘घेतलाय’ तसंच झालंय हे दाखवलं की त्यांना ते परकं वाटत नाही.

सराव म्हणून एकच खेळ सांगते, बाकी वर्कशीट तुमच्याकडे असतीलच. एकाला खोलीबाहेर पाठवायचं, बाकीच्यांनी आत पाच गोष्टी बदलायच्या. घड्याळ उलटं लावा, पंखा बंद करा, दोघांनी चपला बदला, खिडकी उघडा. मग त्याला आत बोलवायचं आणि त्याने ओळखायचं, ‘यू हॅव ओपन्ड द विंडो’, ‘यू हॅव टर्न्ड ऑफ द फॅन’. इथे दुसरा कुठला काळ बसतच नाही, कारण बदल त्याने होताना पाहिला नाही, त्याला फक्त आत्ताची खोली दिसतेय. सूत्र म्हणायची गरज पडत नाही, वाक्य आपोआप येतं.

मागच्या आठवड्यात तो चपात्यांवाला बाहेर गेला होता. आत आला, चारही कोपरे बघितले, खिडकी ओळखली, पंखा ओळखला, आणि मग थेट माझ्याकडे वळून म्हणाला, ‘यू हॅव हिडन माय टिफिन!’ मी म्हटलं, येस. तर लगेच, ‘व्हेन डिड यू हाइड इट? आय वॉज ओन्ली आउटसाइड!’ हॅव वरून डिडवर कधी गेला त्याचं त्याला कळलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही, डबा काढून दिला.